किल्लीमावशींच्या दारातली गाडी

त्या सकाळी माझ्या घरात रोजचीच धावपळ चालू होती. ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि तो मीच मुद्दाम दडवून ठेवलाय अशा सुरात ते मला विचारत होते. मुलीची एक वेणी घालून झाली होती. दुसरी अर्ध्यावर सोडून मी उतू जाणाऱ्या दुधाकडे पळाले होते. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती खिडकी हेच त्यांचं वर्तमानपत्र.

“पांढरी गाडी आली गं गल्लीत,” त्यांनी बातमी दिली. “झेंडा लावलेली.”

“लग्नाची असेल.”

“लग्नाच्या गाडीमागे पोलिसांची जीप असते होय? आमच्या वेळी नव्हती बाई.”

ह्यांनी मोज्याचा शोध थांबवला. गॅस बंद करून मी खिडकीशी जाणार, तेवढ्यात दार वाजलं. जोरात नाही, बोटाच्या पेराने हलकेच वाजवावं तसं. तरी आम्ही तिघंही जागच्या जागी थबकलो. आमच्या गावातल्या मोठ्या माणसांना ही सवयच लागून गेली आहे. दार वाजलं की आधी एकमेकांकडे बघायचं, घरातलं कोण कुठे आहे ते मनात आठवायचं, आणि मग कडीला हात लावायचा. मुलीला हे ठाऊक नाही. ती गडबडीच्या वर्षानंतर जन्मली. तिनेच अर्ध्या वेणीने जाऊन दार उघडलं.

बाहेर समोरच्या किल्लीमावशी उभ्या होत्या.

“वहिनी, कप आहेत का? चांगले. कान न तुटलेले.”

“आहेत की. कोण आलंय?”

“दोन खासदार बसलेत माझ्या खाटेवर. एक आपल्या बाजूचे, एक कालव्यापलीकडच्या बाई. आणि घरात आहे एक कप आणि एक पेला. कुणाला कप द्यायचा न् कुणाला पेला, यावरून पुन्हा गडबड व्हायची.”

त्या हसल्या. मीही हसले. पण त्यांनी दाराची चौकट सोडली नाही.

“कप देऊन लगेच परत ये,” हे माझ्या कानाशी म्हणाले. “तिथे बसू नकोस.”

“तुम्हीच घेऊन या वहिनी,” मावशी म्हणाल्या. “माझ्या हातून फुटतील.”

मी ट्रे घेतला आणि त्यांच्यामागे निघाले. मोजा मिळाला की नाही ते मला अजूनही माहीत नाही.

मावशी शाळेत शिपाई. नवरा गवंडी होता, परांचीवरून पाय घसरून पडला तेव्हा मुलगा मांडीवर होता. शाळेने त्यांना कामावर घेतलं ते झाडलोटीसाठी. पण हेडमास्तर आले आणि गेले, मास्तरीणबाई बदलल्या, आणि हळूहळू शाळेतल्या प्रत्येक कुलपाची किल्ली मावशींच्या कमरेला येऊन लटकली. वर्गांच्या, कपाटांच्या, पाण्याच्या टाकीच्या झाकणाचीसुद्धा. मधल्या सुट्टीत त्या जुडग्याचा आवाज आला की मुलांची मारामारी आपोआप थांबायची. त्यांना कधी आवाज चढवावा लागला नाही. जीभ मात्र धारदार. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, “बाई, तुम्ही कितवी शिकलात?” तर म्हणाल्या, “साहेब, जन्म गेला शाळेत, अजून कुणी पासच करत नाही.”

मी या गल्लीत नवी नवरी म्हणून आले तेव्हा आमच्या घराचं कुलूप अडकलं होतं, आणि पहिल्या दिवशी सासरच्या दाराबाहेर उभी राहून मी रडकुंडीला आले होते. मावशींनी केसातली पिन काढून ते उघडून दिलं आणि म्हणाल्या, “रडू नका वहिनी. आत गेल्यावर रडायला पुष्कळ वेळ आहे.” सासूबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, आणि पुढची कितीतरी वर्षं विसरल्या नाहीत.

गडबडीचं वर्ष आलं तेव्हा शाळा बंद झाली होती. आम्ही त्याला अजून गडबडच म्हणतो. दुसरा शब्द उच्चारला तर कोण कुठल्या बाजूचा ते उघड होतं. कालव्यापलीकडची काही माणसं पकडून शाळेच्या मागच्या वर्गांमध्ये कोंडली होती. गल्लीत सगळ्यांना ते माहीत होतं. कुलपं शाळेचीच होती, आणि त्या दिवसांत किल्ल्या मावशींच्या कमरेला नव्हत्या. बंदूकवाल्या पोरांनी काढून घेतल्या होत्या. मावशींना मात्र रोज बोलवायचे, पाणी भरायला. त्या हंडा घेऊन जायच्या, रिकामा घेऊन यायच्या, आणि दाराला आतून कडी लावायच्या. मग एका पहाटे ट्रकचा आवाज झाला. आम्ही सगळ्यांनी अंथरुणात पडून तो ऐकला. दुसऱ्या दिवशी मावशींना पाणी भरायला कुणी बोलावलं नाही.

ट्रक आम्ही ऐकला. पाहिला मावशींनी एकट्यांनी. त्या पहाटे त्या हंडा घेऊन वाटेतच होत्या.

पुढे शाळा उघडली, वर्गांना रंग लागला, किल्ल्या परत मावशींच्या कमरेला आल्या. शाळेच्या छपराचा खर्च भट्टीवाल्या दादांनी केला. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचं दुमजली घर आहे, गावाबाहेर वीटभट्टी आहे, ट्रक आहेत, तेव्हाही होते. मावशींच्या मुलाला कामही त्यांनीच दिलं. गडबडीनंतर गावात भट्टी सोडली तर चूल पेटवायला दुसरा धंदाच उरला नव्हता. मुलगा ट्रक चालवतो. रोज सकाळी उठून त्याच माणसाकडे जातो. मावशी त्याला दारातून निरोप देतात, आणि तो कोपरा वळेपर्यंत आत येत नाहीत. हे मी माझ्या ओट्याजवळून कित्येक वर्षं बघते आहे.

आता त्यांच्या खोलीत खाटेवर दोन खासदार बसले होते. दाराबाहेर झेंड्याची गाडी, तिच्यामागे जीप, आणि जीपमधले पोलिस कंटाळून शेंगदाणे खात होते. थोरले खासदार अंगाने भारी, एका कानात यंत्र. ते खाटेच्या मधोमध बसल्यामुळे खाट त्यांच्याकडे कलली होती, आणि शेजारी बसलेल्या खासदारबाई स्वतःला घसरू न देण्याच्या खटपटीत होत्या.

“जरा सरका ना,” बाई म्हणाल्या.

“सरकतो. सभागृहात तर कधी सरकू देत नाहीत.” मग माझ्याकडे वळून, “महिनोन् महिने ह्यांच्याबरोबर एका गाडीत फिरतोय. बायकोबरोबर इतका प्रवास केला नाही. ह्यांना काच उघडी लागते, मला बंद.”

“म्हणून आम्ही अर्धी ठेवतो,” बाई म्हणाल्या. “दोघांनाही धूळ.”

मी चहा ओतला. चार कप भरले, आणि कुणालाच पेला लागला नाही. मावशी जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसल्या. माझा पाय काही निघेना.

खासदारबाई बोलू लागल्या. आवाज शांत होता, हे सगळं अनेक घरांत सांगून झालेलं असावं. संसदेने कायदा केला होता, गडबडीत जे घडलं ते ऐकून घेण्याचा. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या खासदारांची समिती होती, आणि तिचा एक नियम होता: कुठल्याही साक्षीदाराला एकट्या सदस्याने भेटायचं नाही. दोन्ही बाजूंचे मिळून भेटायचं.

“मी एकटी ऐकून गेले तर ह्यांचा पक्ष म्हणेल, बाईला पढवलं,” त्या म्हणाल्या. “हे एकटे ऐकून गेले तर आमचे म्हणतील, बाईला दाबलं. दोघांनी एकत्र ऐकलं की निदान ऐकलं एवढं तरी कुणी नाकारत नाही.”

“उद्या नगरपालिकेच्या सभागृहात बसणार आहोत,” थोरले म्हणाले. “बंद दाराआड. तुमचं नाव कुठेही येणार नाही. कुणाला कळणारही नाही तुम्ही आलात ते.”

मावशींनी उघड्या दारातून बाहेर पाहिलं. गाडीवरचा झेंडा वाऱ्याने फडफडत होता.

“तुम्हाला मला विचारायचंय तरी काय?” त्या म्हणाल्या.

“पलीकडच्या घरांतल्या बायका मला एकच विचारतात,” बाई म्हणाल्या. “कोणी मारलं, का मारलं, ते नाही विचारत. विचारतात, कुठे नेलं? तुम्ही शाळेत होतात. म्हणून आलो.”

मावशींनी कप उचलला, ओठाला लावला आणि न पिता खाली ठेवला. खोलीत शांतता झाली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की शांतता फक्त खोलीतच नाही. या वेळी गल्लीत केवढा गोंधळ असतो! पोरं, सायकली, नळावरची भांडणं. आज कुणाच्या बादलीची कडीसुद्धा वाजत नव्हती. मी दारातून वाकून पाहिलं. प्रत्येक खिडकीत पडदा होता आणि प्रत्येक पडद्याची एक कड बोटभर सरकलेली होती. आमच्या घरातल्या पडद्याचीसुद्धा.

मग पावलं वाजली आणि दारात भट्टीवाले दादा उभे राहिले. पांढरे कपडे, केस नुकतेच ओले करून विंचरलेले, चेहऱ्यावर हसू. त्यांचं हसू वाईट नाही, हीच अडचण आहे. सासूबाई आजारी होत्या तेव्हा याच हसऱ्या चेहऱ्याने त्यांनी दवाखान्यात न्यायला गाडी दिली होती.

“मावशी, पाहुणे आले आणि शेजाऱ्याला सांगायचं नाही?” ते म्हणाले. “मोठी माणसं खाटेवर बसवलीत! मी खुर्च्या आणल्यात.”

ते बाजूला झाले. मागे दोन खुर्च्या डोक्यावर घेऊन मावशींचा मुलगा उभा होता.

“भट्टीवरून बोलावून घेतला त्याला,” दादा म्हणाले. “म्हटलं, मावशींचे पाहुणे, तर मावशींच्याच मुलाच्या हातून जाऊ दे. गुणी पोरगा आहे हं. आजकाल अशी पोरं राहिली नाहीत.”

मुलाने खुर्च्या उतरवल्या. त्याच्या बाहीवर विटांची लाल धूळ होती. त्याने आईकडे पाहिलं नाही. आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडातून सवयीने निघालं, “नाश्ता केलास का रे?” त्याने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

दादा थोरल्या खासदारांकडे वळले. “साहेब, निवडणुकीला आमच्या अंगणात जेवलात. आज गल्लीत येऊन परस्पर जाणार? आपलीच माणसं आम्ही.”

थोरल्यांचा चेहरा उतरला. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला वाटलं की थोरले आता उठतील आणि “अरे व्वा, चला चला” म्हणत दादांच्या खांद्यावर हात टाकतील. त्यांचा हात गुडघ्यावरून थोडा उचललाही गेला होता. खासदारबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या मुद्दाम खुर्चीकडे बघत होत्या. मला वाटतं, बाईंनी थोरल्यांना एकट्याने ठरवायला मोकळीक दिली.

“तेव्हा मतं मागायला आलो होतो,” थोरले शेवटी म्हणाले. “आज ऐकायला आलोय.”

“ऐका की. आमच्या मावशी बोलतात फार छान.” दादा मनापासून हसले. “चल रे,” ते मुलाला म्हणाले, “आज तू माझ्याबरोबरच राहा. दिवसभर.”

दोघं गेले. नव्या खुर्च्या खोलीच्या मधोमध तशाच राहिल्या. कुणी बसलं नाही. खोली एवढीशी, त्यामुळे आता हलायलाही जागा उरली नव्हती.

थोरल्या खासदारांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. “हा दादा म्हणजे...?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली नाही. मला वाटतं, त्यांना ते मिळालं होतं.

“मावशी,” बाई घाईने म्हणाल्या, “तुम्ही अजून एक शब्दही बोलला नाहीत. आम्ही तसं सांगू. जाहीर सांगू, की या बाईंनी काहीही सांगितलेलं नाही.”

“मग तर नक्कीच वाटेल, सांगितलं म्हणून,” मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. चूक झालेल्या पोराला सांगावं तसं त्या सांगत होत्या. “बाई, रागावू नका, पण शाळेत एखाद्या मुलाला हेडमास्तरांनी आत बोलावलं ना, की तो बाहेर आल्यावर पोरं त्याला विचारतच नाहीत काय बोललास. सरळ मारतात.”

“दाराशी पोलिस ठेवतो,” थोरले म्हणाले. “दोन माणसं. पाहिजे तितके दिवस.”

“त्या जीपमधले? त्यांच्यातला जाडा दादांकडे जेवायला येतो.”

“मग तुम्हाला राजधानीत नेतो. तिथे घर देऊ. मुलालाही.”

“मुलगा आत्ता कुठे आहे, पाहिलंत ना?”

थोरल्यांनी मुलाने आणलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. माणूस मोठा होता, पण त्या क्षणी त्या कललेल्या खाटेवर तो मला अगदी लहान वाटला. चांगलं करायला आला होता, हे दिसत होतं. सगळा देश पालथा घालून, नको त्या बाईशेजारी बसून, धूळ खात आला होता. आणि एक झेंड्याची गाडी एका दारात उभी करून त्याने एका बाईचं तोंड उघडण्याआधीच तिला गल्लीच्या नजरेत बोलती केली होती.

“आमच्याकडून चूक झाली,” खासदारबाई म्हणाल्या. “आम्हाला वाटलं, दारात येणं हा मान आहे. बोलावून घ्यायला नको, आपण जावं.”

“मानच आहे तो,” मावशी म्हणाल्या. “माझ्या दारात आजवर कुणी खासदार आला नव्हता. मतं मागायलासुद्धा नाही. गल्लीतले सगळे दादांना विचारून मत देतात, मग घरोघर कोण कशाला फिरेल?”

त्या उठल्या आणि दाराशी गेल्या. कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यावर दादांचा ट्रक सुरू होता, जागच्या जागी धडधडत, जाण्याची घाई नसल्यासारखा. चालकाच्या जागी मुलगा बसला होता. त्याच्या शेजारी दादा, खिडकीबाहेर कोपर काढून, आमच्याकडेच तोंड करून. त्या इंजिनाचा आवाज कितीतरी वर्षांनी मला त्या पहाटे अंथरुणात ऐकला होता तसाच ऐकू आला. समोर आमच्या दारात हे उभे होते. मला “ये” म्हणून खुणावत होते, हात कमरेच्या खाली ठेवून, कुणाला दिसू नये म्हणून.

खासदारबाईंनी पर्स उचलली. “आम्ही निघतो. निदान आणखी उशीर तरी नको.”

“निघू नका,” मावशी म्हणाल्या.

त्या दाराला टेकल्या. बराच वेळ त्यांनी गल्लीतली घरं एकेक करून पाहिली, एका बाजूने गेल्या नि दुसऱ्या बाजूने परत आल्या, नुसत्या नजरेने. नजर आमच्या घरावर येऊन थांबली. मग माझ्यावर.

“वहिनी, तुमची सासू म्हातारी, मूल लहान. मला कळतंय. रागावू नका माझ्यावर.”

ह्यांचा हात अजून हलत होता. मी ट्रेवरचे कप सरळ केले.

मावशी खासदारांकडे वळल्या.

“साहेब, बाई, उद्याचं मी बघते. आज तुम्ही माझं एवढंच ऐका. इथून उठलात की लगेच गाडीत बसू नका. या गल्लीतल्या प्रत्येक घरी जा, कोपऱ्यावरच्याही. आणि माझ्याकडे बसलात तितकाच वेळ प्रत्येकाकडे बसा. सगळा वर्गच आत बोलावला, तर पोरं मारणार कुणाला?”